आधी तपासून ये

मंगळवार, ४ मार्च

गठुडे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फाडशील, असं तुझ्या लेकीचं म्हणणं आहे. मी तिला म्हटलं, तुझ्या आईला मी तुझ्याआधीपासून ओळखते. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही ती, एक ओळ तरी वाचेलच. म्हणून पहिल्याच ओळीत तुझ्या आवडीची बातमी द्यायची होती, ती जरा खाली सरकली. मी बारीक झाले आहे.

झालं समाधान? चांगली दिसण्यासारखी बारीक झाले आहे. दुकानात येणारी प्रत्येक बाई दारातच थांबते आणि म्हणते, "अगंबाई, काय केलंस काय? आम्हालाही सांग की!" मी म्हणते, जिने चढते. आपल्या दुकानाला जिना नाही, घरालाही नाही, पण कोणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना ऐकायचं असतं तेच मी ऐकवते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. सहा वर्षं झाली आपल्याला बोलून. भांडण कशावरून झालं हे तुझे भाऊजी लोकांना सांगायला लागले की मीच त्यांना गप्प करते. बाहेरच्यांना ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं. पण तू आणि मी आत्याच्या हाताखाली शिवण शिकलो. मापं मोठ्याने सांगायची आपल्याकडे पद्धत. एकीने टेप धरायचा, दुसरीने टेबलापाशी लिहायचं, मध्ये बाकावर चार बायका बसलेल्या. म्हणून आत्याने नियम घालून दिला होता. चाळीसच्या पुढचं माप आलं की दहा कमी करून सांगायचं आणि लिहिणारीने गुपचूप दहा वाढवून लिहायचं. बेचाळीसचं बत्तीस. आपल्या दुकानात कोणा बाईला मान खाली घालावी लागता कामा नये. एवढी वर्षं आपण दोघींनी ते पाळलं, परक्या बायकांसाठी पाळलं. आणि त्या दिवशी माझ्या निळ्या झग्यासाठी माझ्याच छातीला टेप लावून तू भर दुकानात ओरडलीस, "बावन्न! बावन्न झाली ताई! मरशील अशाने!"

बाकावर शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्या अजून माझ्याकडे मुलींचे गणवेश शिवायला टाकतात आणि अजून माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात.

मी म्हटलं, टेप ठेव आणि चालती हो. तू खरंच चालती झालीस. थेट दीड दिवसाच्या प्रवासावर, कपड्यांच्या कारखान्यात कापणी खात्याची सुपरवायझर. बरं केलंस. पगार चांगला असेल.

आता कामाचं. तुझ्या लेकीने तुझा फोटो पाठवला होता. हनुवट्या मोजल्या, दोन भरल्या. मी मोठ्याने हसले आणि मग हसू आलं नाही. तूही माझ्याच वळणावर गेलीस गं. पाळी थांबून तुला किती वर्षं झाली? चिडू नकोस, बहीण विचारते आहे. आपली ती काज-बटणं करणारी, तिच्या शेजारणीला छातीत गाठ निघाली. पाळी गेल्यावर ज्या बायका जाड होतात त्यांना त्याची भीती जास्त, असं ऐकलं. तू छातीचा फोटो काढून घे. वेगळं यंत्र असतं त्याचं. एवढंच सांगायला लिहिलं.

माझं बरं चाललंय. गुडघ्यासाठी दवाखान्यात जाणं-येणं असतं.

ताई


रविवार, २३ मार्च

गठुडे,

पत्र फाडलं नाहीस. दोनदा वाचलंस, फ्रिजवर ठेवलंस आणि वर पातेलं ठेवलंस. तुझी लेक मला सगळं सांगते, तिला रागावू नकोस. तू म्हणे म्हणालीस, "शेजारणीचं निमित्त करून मला जाडी म्हणायचंय तिला. उट्टं काढते आहे."

अगं, मी कोणाला कोणत्या तोंडाने जाडी म्हणू?

काजवालीला शेजारीण नाही. तिच्या एका बाजूला गोदाम आहे आणि दुसऱ्या बाजूला रस्ता. ती शेजारीण मी आहे.

कसं कळलं ते तुला सांगते, कारण तू कापणारी आहेस. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. दीड वर्षापूर्वी माझा करडा ब्लाऊज डाव्या बाजूला नीट बसेना. टक्सच्या खाली कापड पोकळ राहायचं आणि काखेकडे ओढ यायची. मी टक्स उसवला, बोटभर सरकवला, बसला. पुढच्या ब्लाऊजला पुन्हा तेच. मग मी डाव्या बाजूसाठी वेगळा कागदच कापून ठेवला, वर लिहिलं 'डावी'. मग बाहीचा मुंढा काचायला लागला. तोही खोल केला आणि काखेत चौकोनी तुकडा जोडला, इतक्या सफाईने की भाऊजींना बोलावून दाखवला. ते म्हणाले, "वा! कळतसुद्धा नाही."

आत्याने आपल्याला काय शिकवलं होतं, आठव. गिऱ्हाइकाच्या अंगाला नावं ठेवायची नाहीत. बसलं नाही तर आपलं कापणं चुकलं. कुबड असो, एक खांदा उतरलेला असो, पोट असो, दोष कापडात शोधायचा. त्याच सवयीने मी दीड वर्ष माझं कापणं दुरुस्त करत बसले. आरशासमोर उभी राहायचे, तोंडात टाचण्या, समोर सगळं दिसत होतं, आणि मी बघत होते ती फक्त शिवण. माझी छाती आत ओढली जाते आहे हे मला दिसलं आणि मी टक्स सरकवला. असली चूक डॉक्टर करणार नाही, धोबीण करणार नाही. आपल्यासारखीच करणार.

हाताला म्हणशील तर काही लागतच नव्हतं. एवढ्या मांसात ती गाठ खोल बसली होती.

शेवटी अस्तरावर डाग पडला. बोंडाच्या जागी, तपकिरी, धुऊनही निघेना. तो मात्र कापडाचा दोष म्हणता येईना. मग गेले.

कॅन्सर आहे. शब्द लिहिला एकदाचा. काखेतही गेलाय. सलाईनमधून औषध देतात, त्याने मी बारीक झाले आहे.

आता यावरून तू खरी ठरलीस असं समजू नकोस. तू बावन्न ओरडलीस, त्याचा राग मला अजून आहे. तो मी या सगळ्यापासून वेगळा ठेवला आहे. तू तपासून घे.

ताई


गुरुवार, १७ एप्रिल, दवाखान्याच्या बाकावर

गठुडे,

सलाईनसाठी नंबर लागायचा आहे, शेजारची बाई लोकर विणते आहे आणि टाके सुटतायत, ते बघवत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तू लेकीला म्हणालीस, "ताई डॉक्टरकडे आधी का गेली नाही?" सांगते. तो आपल्या गल्लीतला जुना डॉक्टर आठवतो? गुडघा दुखतो म्हणून गेले, म्हणाला वजन कमी करा. ठीक. चक्कर आली म्हणून गेले, वजन कमी करा. तेही ठीक. कान दुखतो म्हणून गेले तेव्हाही त्याने कानात बघायच्या आधी मला काट्यावर उभं केलं. मी म्हटलं, डॉक्टर, कानाचं वजन किती असतं? त्याला राग आला. त्यानंतर मी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही. अपमान करून घ्यायला रांगेत कोण बसणार? तूही जात नाहीस ते याचसाठी, मला माहीत आहे. कारखान्याच्या तपासणीच्या दिवशी तू दर वर्षी रजा टाकतेस, हेही माहीत आहे.

इथल्या डॉक्टरबाई वेगळ्या आहेत. तुझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील, केस सतत डोळ्यांवर येतात. मी त्यांना सरळच विचारलं, "माझ्या चरबीने झालं का हे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "खरं सांगू की बरं वाटेल असं?"

"मी शिंपीण आहे. माप खरं सांगा."

"पाळी चालू असते तोवर बाईचं हार्मोन अंडाशय बनवतं. पाळी गेली की ते दुकान बंद. पण चरबीसुद्धा तेच हार्मोन थोडं थोडं बनवत असते, आणि ती काही थांबत नाही. चरबी जास्त, तर हार्मोन जास्त. आणि तुमची गाठ त्याच हार्मोनवर वाढणारी आहे."

"म्हणजे कारखान्याला टाळं लागलं तरी बायका घरी नेऊन शिवतच राहिल्या."

त्या हसल्या. "अगदी तसंच."

"मग मीच केलं म्हणायचं."

"असं मी कुठे म्हटलं? माझ्याकडे काडीसारख्या बायकाही येतात. आणि जाड बायकांपैकी बहुतेकींना हे कधीच होत नाही. वजनाने धोका वाढतो, एवढंच म्हणते मी. वय असतं, घराणं असतं, बाकीही बरंच असतं. आणि उशीर झाला तो वजनामुळे नाही झाला, तुम्ही आला नाहीत म्हणून झाला." मग डोळ्यांवरचे केस मागे सारून म्हणाल्या, "किंवा तुम्हाला कोणी येऊ दिलं नाही म्हणून."

मला रडू आलं गं. त्या शेवटच्या वाक्याला आलं. एवढी वर्षं कोणी असं बोललं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "बहीण आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "आहे." किती दिवसांनी मी तो शब्द उच्चारला.

"पाळी गेलेली? वजन?"

"माझीच दुसरी प्रत."

"पाठवा तिला तपासायला. इथे नाही, असेल तिथे. गाठ हाताला लागायची वाट बघू नका म्हणावं, फोटोत हाताच्या आधी दिसतं."

तेव्हा ही माझी भीती नाही, डॉक्टरबाईंचं सांगणं आहे. थंडगार पाटी असते, तिच्यावर ठेवतात आणि वरून दाबतात. दुखतं. पण मशीनची सुई तुझ्या बोटात गेली होती तेव्हा तू जी बोंबललीस, त्याच्या पाव हिश्शानेही नाही.

माझे केस गेले. डोकं छान गोल निघालं. आई म्हणायची तुझं डोकं वेडंवाकडं आहे, ते खोटं होतं.

नंबर आला.

ताई


सोमवार, १२ मे

गठुडे,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. मी ते इतक्या वेळा वाचलं की भाऊजी म्हणाले, त्यात आणखी काही उगवणार आहे का?

"ताई, रजा टाकली आहे. रविवारी निघते. माझ्या तपासणीचं नंतर बघू, त्यावरून डोकं खाऊ नकोस. काही आणायचं असेल तर कळव."

मी उठून बाहेरची खोली झाडली. तुझी खाट होती तिथे आता कापडाचे गठ्ठे आहेत, ते हलवायला लागले. भाऊजी ओरडले, "अगं, तुला वाकायचं नाही सांगितलंय!" मी त्यांचं ऐकलं नाही. सगळे गठ्ठे हलवले, खाटेला चादर घातली, आणि मग त्या खाटेवर बसून विचार केला.

येऊ नकोस.

नीट वाच, पत्र टाकून देऊ नकोस. मी तुला ओळखते. तू येशील, आल्या आल्या ओटा घासशील, भाऊजींना चार शब्द सुनावशील, माझे पाय चेपशील, आपण दोघी रडू, आत्याच्या गोष्टी काढू. मग तू परत जाशील आणि म्हणशील, आता रजा उरली नाही. मग म्हणशील, पुढच्या महिन्यात. मग म्हणशील, मला काही दुखत नाही. मलाही काही दुखत नव्हतं. इथे येण्याआधी तू करायचं असं एकच काम आहे आणि ते मी तुझ्याकडून करून घेणार आहे, कारण माझ्याकडे तुला घाबरवायला दुसरं काहीच नाही.

आधी तपासून ये. तपासणीचा कागद न घेता आलीस तर दार उघडणार नाही. भाऊजींनाही तशी ताकीद दिली आहे. ते म्हणाले, तुम्ही दोघी बहिणी एका दगडातून कोरलेल्या आहात.

तुला वाटेल ताई सूड घेते. तेव्हा चालती हो म्हणाली, आता येऊ नको म्हणते. वाटू दे.

चादर काढलेली नाही.

ताई


शनिवार, २१ जून

गठुडे,

महिना उलटून गेला, तुझा एक शब्द नाही. लेकीलाही म्हणालीस म्हणे, "मरू दे तिची अट." ती बिचारी फोनवर मध्येच थांबली, 'मरू दे' हा शब्द तोंडातून गेला म्हणून. मी तिला म्हटलं, अगं, आम्ही लहानपणी दिवसातून दहादा म्हणायचो.

मी बरी आहे. पाठ दुखते जरा, मशीनवर वाकून बसल्याने. पुन्हा काही फोटो काढले. डॉक्टरबाई माझ्याशी टेबलापलीकडून बोलतात एरवी, या वेळी खुर्ची उचलून माझ्या शेजारी येऊन बसल्या. गोळ्या बदलल्या आहेत. विशेष काही नाही.

दुकान काजवाली बघते. मी दुपारी जाऊन बसते तासभर. परवा एक बाई आली, माझ्यापेक्षा जरा जास्तच भरलेली. काजवालीने माप घेतलं आणि सवयीने दहा कमी करून सांगितलं. ती बाई खूश झाली. ती निघाली तेव्हा मी तिच्या मागे दारापर्यंत गेले आणि विचारलं, "बाई, पाळी गेली का तुमची?" मी तिला सगळं सांगितलं, तिथेच, पायपुसण्यावर उभी राहून. तिला राग आला की नाही कळलं नाही. ब्लाऊज न्यायला ती आलेली नाही अजून. काजवाली म्हणते, अशाने गिऱ्हाईक तुटेल. तुटू दे.

भाऊजी स्वयंपाक शिकले आहेत, म्हणजे बटाटे उकडायला शिकले आहेत. काल बटाटे सोलता सोलता म्हणाले, "बोलव आता तिला. कशाला ताणून धरलंयस?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." ते म्हणाले, "मला सगळं कळतंय." जेवढे लागणार होते त्याच्या दुप्पट सोलले.

तुला खरं सांगू? दोनदा पत्र लिहायला घेतलं, 'ये तशीच, कागदबिगद राहू दे.' दोनदा फाडलं. एकदा तर पाकिटात घालून चिकटवलंही होतं.

तू जा ना गं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी आता रागाने सांगत नाही. मला तुला बघायचं आहे, म्हणून सांगते.

ताई


बुधवार, ९ जुलै

माझ्या गठुडे,

लेकीचा फोन आला. तू गेलीस. एकटीच गेलीस, कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत, कोणाला न सांगता. मग त्यांनी पुन्हा बोलावलं, मग सुई घातली, आणि हे सगळं होईपर्यंत तू मला कळू दिलं नाहीस. मी काय म्हणणार, मीही तेच केलं होतं.

गाठ मिरीच्या दाण्याएवढी आहे म्हणाली लेक. मी भाऊजींना डब्यातून मिरीचा दाणा आणायला लावला आणि हातावर घेऊन बघत बसले. एवढाच. काखेत काही नाही. तेवढी गाठ काढतील, छाती ठेवतील, मग काही आठवडे रोज किरणांच्या मशीनखाली झोपायचं, मग गोळ्या. मी डॉक्टरबाईंना तुझे सगळे कागद दाखवले, लेकीने फोनवर पाठवले होते ते. त्यांनी एकदा वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाल्या, "ही बाई म्हातारी होणार."

मी दवाखान्याच्या मधल्या खोलीत, सगळ्यांसमोर, रडले. लोकांना वाटलं मलाच काहीतरी वाईट सांगितलं.

तुला भीती वाटते आहे, मला कळतं. आणि दुसरंही कळतं. तू आता स्वतःला खात बसली असशील की खाल्लं म्हणून झालं, बसून काम केलं म्हणून झालं. ते सोड. जेवढं चालता येईल तेवढं चाल, ते पुढे उपयोगी पडतं असं डॉक्टरबाई म्हणतात, पण मागचं उकरू नकोस. आपण दोघी जाड होतो. आपण खूप कामही केलं, हसलोही खूप. शिक्षा झाली असं काही नसतं.

आता लेक सांगते तू ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणतेस. "आधी ताईकडे जाऊन येते. तपासलं ना मी? अट पुरी झाली."

अट मी घातली, पुरी झाली की नाही ते मी ठरवणार. गाठ तुझ्या अंगात असताना तुला प्रवास करू देणार नाही. ऑपरेशन करून घे. मी कुठे पळून जाते? माझं छान चाललं आहे. नव्या गोळ्या लागू पडल्या. परवा तर भाऊजींचा सदरा उलटवून शिवला. खाट तयार आहे, तू बरी होऊन ये, मग हवी तेवढी राहा.

फोन करतेस आणि मी घेत नाही म्हणून रुसू नकोस. सहा वर्षं तू घेतला नाहीस, आता थोडे दिवस माझे.

तुझी ताई


शुक्रवार, २९ ऑगस्ट

गठुडे,

अक्षर भाऊजींचं आहे, बोलणं माझं. ते मध्ये मध्ये थांबतात, चष्मा पुसतात. मी म्हणते, लिहा. एक शब्द गाळला तर मला कळेल, मी वाचून घेणार आहे.

तुझी जखम भरली, काढलेल्या गाठीच्या कडा साफ आल्या, मशीनखाली झोपणं सुरू झालं, हे सगळं ऐकलं. तिथली मुलगी तुला रोज "आजी, हात वर" म्हणते म्हणून तुला राग येतो, हेही ऐकलं. आजी दिसतेसच तू. ऐकून घे.

आता खरं सांगते. जूनमध्येच ते यकृतात आणि पाठीच्या मणक्यात गेलं होतं. पाठ मशीनवर वाकून दुखत नव्हती. गोळ्या लागू पडल्या नाहीत. सदरा मी शिवला नाही, काजवालीने शिवला. फोन घेतला नाही तो रुसून नाही, माझा आवाज ऐकला असतास तर तुला पहिल्या शब्दाला कळलं असतं. ऑपरेशननंतर तू येते म्हणालीस तेव्हा मी कळवलं, जखम भरू दे, मी मजेत आहे. मजेत नव्हते. पण तू आली असतीस तर माझ्या उशाशी बसून राहिली असतीस, मला टाकून मशीनखाली झोपायला परत गेली नसतीस. नाही म्हणू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

भाऊजी म्हणतात, तिला लिही की माझ्यामुळे तू वाचलीस, तेवढं तरी लिही. ते लिहीत नाही. मी काही एवढी थोर नाही गं. मला तुला बघायचं होतं. चादर घातली त्या दिवसापासून रोज दुपारी मला वाटायचं की कागदबिगद गेला खड्ड्यात, ही दारात येऊन उभी राहिली तर किती बरं होईल, मी काही ओरडणार नाही. मेमध्ये 'ये' म्हटलं असतं तर तू आली असतीस. मी तुला चांगली दिसले असते तेव्हा. चार दिवस आपल्याला मिळाले असते. ते चार दिवस मी हातचे घालवले, जाणूनबुजून, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन, पण मला त्याचं फार वाईट वाटतं. हे दोन्ही खरं आहे. तुला यातलं एकच पत्करायचं असेल तर तुझं तू बघ.

मध्येच सोडून येऊ नकोस. लेकीकडून मी शब्द घेतला आहे, ती तुला गाडीत बसू देणार नाही. यायला दीड दिवस, जायला दीड दिवस, तेवढ्यात मशीनच्या किती वेळा चुकतील बघ. डॉक्टरबाईंना मी विचारलं होतं, तिचं संपेपर्यंत मी राहीन का. त्यांनी पुन्हा खुर्ची जवळ ओढली.

आता फोन घेते. मला फार बोलता येत नाही, धाप लागते. भाऊजी कानाशी धरतील, तू बोल. काहीही बोल, कारखान्यातलं सांग, त्या मुलीला शिव्या घाल. मी ऐकते आहे असं समज.

आणि एक ऐक, हे भाऊजींना मी मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे. एक दिवस सकाळी फोन येईल आणि तो भाऊजींचा असेल. त्या दिवशीही तुझी मशीनखाली झोपायची वेळ असेल. ती चुकवायची नाही. लेकीबरोबर निघायचं, कपडे बदलायचे, ती मुलगी म्हणेल तसा हात वर करायचा आणि पडून राहायचं. हलायचं नाही, हललं तर पुन्हा करतात. ते संपलं की बाहेर बाकावर येऊन बस. मग रड.

तुझी ताई